मालक कोण? ऊसतोड मजुराच्या केसमध्ये कामगार वकील नेमकं काय करतो

बीडहून सोलापूरकडे निघालं की घाट चढून मांजरसुंबा लागतं. धुळे-सोलापूर महामार्गावरचा हा मोठा चौक. इथून एक रस्ता पाटोदा, जामखेडमार्गे अहिल्यानगर-पुण्याच्या बाजूला जातो, एक केज-अंबाजोगाईकडे आणि एक सरळ सोलापूरकडे, तिथून पुढे कर्नाटकात. दसरा-दिवाळी झाली की या चौकातून ट्रक आणि ट्रॅक्टर जायला लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, म्हातारी माणसं, लेकरं. बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडात राहायला निघालेली असतात.

त्या ट्रॉलीत बसलेल्या माणसाला एक साधा प्रश्न विचारा. तुम्ही कामाला कोणाकडे आहात? उत्तर येतं, "अमक्या मुकादमाकडे." मुकादमाला विचारलं तर तो ट्रॅक्टरमालकाचं नाव सांगतो. ट्रॅक्टरमालक कारखान्याचं नाव सांगतो. आणि कारखाना म्हणतो, हे आमचे कामगारच नाहीत.

ऊसतोडीत मजुरी बुडाली, अपघात झाला, पोलिसांत तक्रार झाली, काहीही झालं तरी वकिलाकडे येणारं प्रकरण फिरून याच प्रश्नावर येतं. कामगार कायद्याचा वकील म्हटलं की काळा कोट आणि कोर्टातला युक्तिवाद डोळ्यांसमोर येतो. पण त्याचं खरं काम बरंच आधी सुरू होतं, आणि ते कागद जोडण्याचं असतं. ते कसं, हे समजून घेऊ.

आधी साखळी समजून घ्या

नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. असे आठ-दहा किंवा त्याहून जास्त कोयते गोळा करतो तो मुकादम. मुकादम करार करतो वाहतूकदाराशी, म्हणजे ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या मालकाशी. वाहतूकदाराचा करार असतो कारखान्याशी किंवा कारखान्याने तोडणी-वाहतुकीसाठी उभ्या केलेल्या वेगळ्या संस्थेशी.

पैसा वरून खाली येतो. हंगामाआधीच कारखान्याकडून वाहतूकदाराला, तिथून मुकादमाला आणि मुकादमाकडून कोयत्याला आगाऊ रक्कम मिळते. हीच 'उचल'. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची.

दर ठरतो टनावर. मजूर संघटना आणि साखर संघ यांच्यात दर काही वर्षांनी करार होतो. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. म्हणजे दर ठरवायला साखर उद्योग टेबलावर बसतो. पण त्याच मजुराचा मालक कोण हा प्रश्न निघाला की खुर्ची रिकामी होते. कामगार वकील नेमका हा विरोधाभास पकडतो.

पहिलं काम: मालक शोधणं

कारखान्याचा बचाव ठरलेला असतो. आम्ही यांना नेमलं नाही, हजेरी लावत नाही, पगार देत नाही. कामाचे तास ठरलेले नाहीत. तोडेल तेवढे पैसे. सोबत बायको आणायची की भाऊ, हे तेच ठरवतात. मग हे कामगार कसे?

याला उत्तर देणारा निकाल खूप जुना आहे. सौराष्ट्रातल्या धरांगध्रा केमिकल वर्क्समध्ये मीठ पिकवणारे आगरिया हंगामापुरते यायचे. मोबदला मालाच्या वजनावर मिळायचा, कामाचे तास ठरलेले नसायचे आणि मदतीला घरची माणसं आणायची मुभा होती. कंपनीचं म्हणणं होतं की हे स्वतंत्र ठेकेदार आहेत. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. काम कसं करायचं यावर कंपनीचं नियंत्रण आणि देखरेख आहे, म्हणून हे कामगारच, असं न्यायालयाने ठरवलं.

आता हे ऊसतोडीला लावून बघा. कोणत्या फडात कधी तोड करायची हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो. चिटबॉय कारखान्याचा माणूस असतो. ऊस बुडख्याशी किती खाली तोडायचा, पाचट आणि वाढं किती साफ करायचं, हे तोच बघतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. फड बदला म्हटलं की टोळीला बिऱ्हाड उचलावं लागतं. हे नियंत्रण नाही तर काय आहे, असा वकिलाचा मुद्दा असतो.

दुसरा आधार १९७८ चा. केरळमधल्या दोर बनवणाऱ्या एका कारखान्यात मजूर ठेकेदारामार्फत घेतलेले होते. हुसेनभाई खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं, मजुराच्या कष्टातून तयार होणारा माल कोणाच्या धंद्यासाठी आहे आणि मजुराच्या पोटापाण्यावर आर्थिक ताबा कोणाचा आहे, ते बघा. मधला ठेकेदार हा पडदा असेल तर तो बाजूला सारा.

हे निकाल हातात आहेत म्हणून केस सोपी होत नाही. २००१ च्या स्टील अथॉरिटी प्रकरणानंतर ठेका केवळ कागदोपत्री आणि दिखाऊ होता, हे कामगाराला पुराव्यानिशी दाखवावं लागतं. ऊसतोड मजुराकडे नेमणूकपत्र नसतं, पगाराची पावती नसते. त्यामुळे वकील निकालांच्या पुस्तकाआधी पिशवीतले कागद मागतो. खेपेच्या स्लिपा आहेत का? त्यावर कारखान्याचं नाव, गाडी नंबर, वजन आहे का? उचल रोख मिळाली की खात्यावर? मुकादमाचे मोबाइलवरचे मेसेज ठेवलेत का?

मजुरीपुरता कायद्याने एक रस्ता खुला ठेवला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेच्या कलम ४३ नुसार ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ज्या कंपनीची ती आस्थापना आहे तिच्यावर जबाबदारी येते. मजुरी थकल्याचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. आणि कलम ५९ नुसार पैसे दिले होते हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर असतं. स्वतःकडे पावती नसलेल्या मजुरासाठी हे कलम फार मोलाचं आहे.

उचल: आगाऊ मजुरी की बेडी?

समजा, एका कोयत्याने १,२०,००० रुपये उचल घेतली. दर टनाला ३६० रुपये धरू. रोज दोन टन तोड झाली तर ७२० रुपये. १३० दिवस काम मिळालं तर ९३,६०० रुपये. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, तरी २६,४०० रुपये अंगावर बाकी. मधे आठवड्याच्या बाजाराला घेतलेला खर्च वेगळा. ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत जाते आणि पुढच्या दिवाळीत त्याच मुकादमाकडे जाणं भाग पडतं.

वकील या हिशोबाला तीन प्रश्न विचारतो.

पहिला, कपात किती? वेतन संहितेनुसार एका वेतन कालावधीत सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. कामावर येण्यासाठी प्रवासखर्च म्हणून दिलेली आगाऊ रक्कम तर वसूलच करता येत नाही.

दुसरा, माणशी किती पडले? ७२० रुपये दोघांचे आहेत. म्हणजे एकाचे ३६०. किमान वेतन हे माणशी असतं, जोडीवर नसतं. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम ही राज्यघटनेच्या कलम २३ ने बंदी घातलेली सक्तीची मजुरीच आहे. मजूर स्वतःहून आला होता, हा बचाव चालत नाही. गरिबीची सक्ती हीसुद्धा सक्तीच.

तिसरा, मजूर सोडून जाऊ शकतो का? उचल घेतली म्हणून प्रत्येक मजूर वेठबिगार ठरत नाही. पण उचलीच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याचं, हिंडण्याफिरण्याचं किंवा बाजारभावाने मजुरी मागण्याचं स्वातंत्र्य गेलं असेल, तर वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा, १९७६ लागू होतो. हा कायदा नव्या संहितांमध्ये विलीन झालेला नाही, स्वतंत्र उभा आहे. तो लागू झाला की कर्जच रद्द होतं. हे वेठबिगारीचं कर्ज नाही, हे पैसे देणाऱ्याने सिद्ध करायचं. अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. अशा वेळी कोर्टाच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देणं आणि सुटकेचा दाखला मिळवणं हे वकिलाचं काम असतं. पुनर्वसनाची मदत पुढे त्याच दाखल्यावर मिळते.

खाडा, आणि नाव नसलेली बाई

आजारपणामुळे किंवा पाळीच्या त्रासामुळे एक दिवस कामावर गेलं नाही की 'खाडा' पडतो. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड लागतो. कायदा काय म्हणतो? गैरहजेरीची कपात तेवढ्याच वेळाच्या मजुरीएवढी असायला हवी. दंड लावायचा तर कशाबद्दल लावणार हे आधी जाहीर केलेलं हवं, कामगाराचं म्हणणं ऐकून घेतलेलं हवं आणि एका वेतन कालावधीतला एकूण दंड मजुरीच्या ३ टक्क्यांच्या आत हवा. खाड्याचा दंड यातल्या कुठल्याच अटीत बसत नाही.

याची किंमत बायकांनी शरीराने मोजली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हा विषय डॉक्टर आणि दवाखान्यांपुरता नाही. खाडा परवडत नाही, फडावर संडास-पाणी नाही, बाळंतपणाची रजा नाही, म्हणजे ही कामाच्या अटींचीही गोष्ट आहे.

त्यातही एक अडचण आहे. कोयता दोघांचा, पण उचलीच्या कागदावर सही बहुतेकदा नवऱ्याची. मुकादमाच्या वहीत नाव त्याचंच. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते आणि कागदावर ती कामगारच नसते. त्यामुळे बाईची केस घेताना वकिलाला आधी ती कामावर होती हेच उभं करावं लागतं. टोळीतल्या इतरांचे जबाब, फडावरचे फोटो, ग्रामपंचायतीतली नोंद, सगळं गोळा करावं लागतं.

छेडछाड किंवा लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. हा कायदा फक्त ऑफिसमधल्या बायकांसाठी नाही, असंघटित कामगार बाईही या समितीकडे जाऊ शकते.

अपघात झाला तर

ट्रॉली उलटते, साप चावतो, रात्री गाडी भरताना मोळी अंगावर येते. माणूस गेला की बऱ्याचदा गावातच बैठक होते. वीस-पन्नास हजार हातावर ठेवले जातात आणि 'तक्रार नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं जातं.

इथे वकिलाची गरज सगळ्यात जास्त असते. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. घरच्यांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम कायद्याने भरपाई धरली जात नाही. हक्क सोडून दिल्याचा करारही टिकत नाही.

रक्कम किती होते? सूत्र असं आहे: महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. ३० वर्षांच्या माणसासाठी हा आकडा २०७.९८ आहे. मजुरी महिना १०,००० धरली तर ५,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १०,३९,९०० रुपये. मजुराची चूक होती का, हा प्रश्न मृत्यूच्या भरपाईत आड येत नाही. भरपाई वेळेत दिली नाही तर वर व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर दंडही.

आता शेजारच्या जिल्ह्यातली एक केस. एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवर निघाला होता. कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात त्याचा मृत्यू झाला. तेव्हाच्या उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या कामगार भरपाई आयुक्तांनी घरच्यांना ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केलं. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण अपघात कामाच्या जागी झालाच नव्हता. शेवटी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पुन्हा बहाल केली. घर आणि कामाची जागा यांच्यातला प्रवास, वेळ आणि ठिकाण कामाशी जोडलेलं असेल तर, नोकरीचाच भाग धरला जाईल, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल लागायला २२ वर्षं गेली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कामावर जाता-येतानाच्या अपघाताला संरक्षण आहे.

या केसमध्ये पहारेकरी कारखान्याचा नोकर होता, त्यावर वाद नव्हता. तरी २२ वर्षं लागली. ऊसतोड मजुराला त्याआधी मालक कोण हे सिद्ध करायचं असतं. एवढा फरक लक्षात घेतला की कागद जपण्याचं महत्त्व कळतं.

चौकातून गाडी कुठे वळते?

मांजरसुंब्याच्या चौकातून गाडी अहिल्यानगरकडे वळली की मजूर राज्यातच राहतो. तीच गाडी सोलापूरमार्गे कर्नाटकात बेळगाव किंवा बागलकोटकडे गेली, तर तो आंतरराज्य स्थलांतरित ठरू शकतो. त्याच्यासाठी व्यवसाय सुरक्षा आणि आरोग्य संहितेत जाण्या-येण्याच्या प्रवास भत्त्यासारख्या वेगळ्या तरतुदी आहेत. काम तेच, कोयता तोच, फक्त राज्याची सीमा ओलांडली की कलमं बदलतात. म्हणून कुठल्या कारखान्याला गेला होतात, हे वकील पहिल्याच भेटीत विचारतो.

पोलिस ठाण्यातून फोन आला तर

उचल घेतली आणि आजारपणामुळे जाता आलं नाही, किंवा हंगाम अर्धवट सोडून यावं लागलं, तर फसवणुकीच्या तक्रारीची धमकी मिळते. इथे कामगार वकील फौजदारी वकिलाचंही काम करतो. फसवणूक ठरायला पैसे घेतानाच फसवायचा हेतू असावा लागतो. नंतर करार पाळता आला नाही, एवढ्याने गुन्हा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. तो दिवाणी वाद आहे. आणि वसुलीसाठी कोणी मजुराला किंवा मुकादमाला उचलून नेलं, डांबून ठेवलं, तर गुन्हा नेणाऱ्यावर होतो.

मुकादम कायम खलनायकच असतो असंही नाही. अनेक मुकादम स्वतः कधीकाळी कोयता घेऊन गेलेले असतात. वाहतूकदाराच्या कर्जासाठी त्यांची जमीन अडकलेली असते. त्यांनाही वकील लागतो.

कारखान्याचा वकील काय करतो?

कामगार कायद्याचे वकील दोन्ही बाजूंनी काम करतात. कारखान्याचा चांगला वकील केस लढण्याआधी केस होऊ नये हे बघतो. टोळीची यादी बायकांच्या नावांसकट ठेवा, पैसे खात्यावर द्या, ठेकेदाराच्या करारात विम्याची अट घाला, उचलीचा हिशोब दर महिन्याला लेखी द्या, असा सल्ला तो देतो. हे केलं तर कारखान्याचाही फायदा होतो, कारण उचल बुडाली म्हणून पळापळ करावी लागत नाही.

सगळंच कोर्टात होत नाही. समेटाच्या बैठकीत तर वकिलाला उभंच राहता येत नाही. तिथे संघटनेचा प्रतिनिधी बोलतो, वकील मागून मुद्दे काढून देतो. मोठे प्रश्न जनहित याचिकेतून पुढे जातात. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड मजुरांच्या प्रश्नांची स्वतःहून दखल घेतली, ती अशीच एक.

गाडीत बसण्याआधी

वकिलाकडे जायची वेळ येऊ नये, आणि आलीच तर हात रिकामे नसावेत, यासाठी एवढं करून ठेवा.

- उचलीच्या कागदाचा फोटो काढा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही-अंगठा देऊ नका.
- कागदावर नवरा-बायको दोघांची नावं घालायला सांगा.
- उचल आणि खर्ची शक्यतो खात्यावर घ्या.
- प्रत्येक खेपेच्या स्लिपेचा फोटो त्याच दिवशी काढा. गाडी नंबर, वजन आणि तारीख दिसली पाहिजे. फोटो गावातल्या एखाद्या नातेवाइकालाही पाठवून ठेवा.
- निघण्याआधी ग्रामसेवकाकडे ऊसतोड मजूर म्हणून नोंद करून ओळखपत्र मागा.
- अपघात झाला तर पोलिस पंचनामा आणि दवाखान्याचे कागद घेतल्याशिवाय बैठकीला बसू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर बीडच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि वेठबिगारीत अडकलेले मजूर यांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांना उत्पन्न मर्यादेत असेल तर मिळतो. हेल्पलाइनचा नंबर १५१०० आहे आणि तो फडावरूनही लावता येतो. मजुरीची तक्रार जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात देता येते.

तुमच्या गावातून, ओळखीतून कोणी या हंगामात जाणार असेल तर हे त्यांच्यापर्यंत पोहोचवा. स्लिपेचा फोटो कसा काढायचा आणि कुठे जपून ठेवायचा, हे घरातल्या शिकणाऱ्या पोरांनी आई-बापाला गाडी निघायच्या आधी दाखवलं तरी मालक कोण या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात होईल.